ऑगस्टात गच्ची वन्संची

खाली

पंखा थांबला. आधी त्याची घरघर गेली, मग पाती एकेक वेगळी दिसायला लागली, आणि खाटेवर आडवा झालेला जेझुआल्दो डोळे न उघडताच म्हणाला, "गेली."

वेनेराच्या हातात अर्धं कापलेलं वांगं होतं. ते तसंच ठेवून तिनं कान टवकारले. समोरच्या घरातला टीव्ही गप्प झाला होता. चौकातल्या बारमधलं बर्फाचं यंत्र उन्हाळाभर कधी थांबत नाही. तेही थांबलं होतं. म्हणजे आपली एकट्याची नाही. अख्ख्या गावाची गेली.

"गेली," ती म्हणाली. आवाजातला आनंद लपवणं तिला जमलं नाही.

जेझुआल्दोनं एक डोळा उघडला. "वीज गेली की लोक शिव्या देतात. तू बँड बोलाव."

पण ती तोवर तळघराच्या पायऱ्यांवर होती. काळोखात पायऱ्या मोजायची तिला गरज नव्हती. भिंतीवरच्या पांढऱ्या डब्यावर हिरवा दिवा लुकलुकत होता. त्या दिव्याची ती सोलर बसवल्या दिवसापासून वाट पाहत होती.

डबा बसवणारा वायरमन तेव्हा म्हणाला होता, "वीज गेली की इतर सोलरवाल्यांच्या घरात अंधारच होतो, ऊन असलं तरी. तुमच्याकडे हा डबा आहे, बॅटरी आहे, म्हणून एक लाइन चालू राहील. पण एकच. तिच्यावर काय टाकू?" जेझुआल्दो म्हणाला होता, एसी. वन्सं म्हणाल्या होत्या, माउलीच्या तसबिरीपुढचा दिवा. वेनेरा म्हणाली होती, पाण्याची मोटर.

त्यावर घरातले सगळे हसले होते. वायरमनही थोडा हसला होता. मग तो गल्लीत बाहेर पडला आणि त्याच्या मागोमाग गोष्टही पडली: वेनेराच्या घरी वीज गेली की माणसं अंधारात बसणार आणि मोटर मजेत चालणार.

आता हिरवा दिवा होता. त्याच्याखाली बॅटरीचं चित्र होतं, आणि चित्रात तळाशी एक पिवळी रेघ. एवढीच? वेनेराच्या कपाळाला आठी पडली. गेले काही दिवस हीच रडकथा चालू होती. मागच्या आठवड्यात आफ्रिकेकडून वारं आलं होतं आणि गावावर लाल धूळ बसली होती. गच्चीवरच्या सोलरच्या काचांवरही बसली असणार. पाणी आलं की धुऊ, असं ठरलं होतं. पाणी आलं नव्हतं.

तेवढ्यात भिंतीपलीकडे काहीतरी गुळगुळलं.

घराखाली दगडात कोरलेला जुना हौद होता. जेझुआल्दोच्या आजोबांनी कोरलेला. तो गुळगुळतो फक्त एकाच कारणासाठी. वेनेरा भिंतीला कान लावून उभी राहिली. आज आठवड्यातला पाण्याचा दिवस होता, आणि पाणी आलं होतं.

बाल्कन्या

फिलिप्पा (समोरच्या घरातून, टॉवेलनं वारा घेत): वेनेरा, तुझ्याकडे आहे का गं?

वेनेरा (गल्लीत उभी, मान वर करून): नाही.

फिलिप्पा: मग हसतेस कशाला?

बाल्दास्सारे (चढावरच्या शेवटच्या घरातून, बाल्कनीतल्या खुर्चीत, पूर्वी गावची बेकरी याची): सोलरवाली आहे ती. वीज गेली की तिच्या तोंडावर येते.

फिलिप्पा: हसा. माझ्या घरात अख्खं बेल्जियम भरलंय. दोन मुलगे, दोन सुना, पोरं मोजायची मी सोडून दिलीत. दिवसातून तीनदा अंघोळ. तिकडे रोज पाऊस पडतो, त्यांना वाटतं इथेही नळात ढग बसलेला असतो.

वेनेरा: फिलिप्पा, आज वार कुठला?

(फिलिप्पाचा टॉवेल थांबतो.)

फिलिप्पा: थांब. (आत जाते. आतून नळाचा सुस्कारा.) हवा आहे नुसती.

वेनेरा: हवाच असणार. पालिकेचे पंप बंद पडले. पाणी आपल्या वजनानं उतारानं येतंय, तुमच्या दारावरून जातंय आणि माझ्या हौदात पडतंय. वर चढवायला त्याला कोणी नाही.

बाल्दास्सारे: छान. उतारावरच्या शेवटच्या घराला सगळं, आणि देवाच्या जवळ राहणाऱ्याला सुस्कारे.

फिलिप्पा: आणि पुढच्या वारी संताचा उत्सव.

(हे सगळ्यांना कळलं. पाणी सोडणारा माणूस उत्सवाच्या दिवशी संताच्या पालखीला खांदा देतो. त्याचे वडील देत, त्यांचे वडील देत. त्या दिवशी गावात पाणी येत नाही. कधीच आलेलं नाही. म्हणजे आजचं पाणी हुकलं तर ते थेट त्याच्याही पुढच्या वारी. तोवर गल्ली, बेल्जियम आणि जर्मनीहून आलेले सगळे पाहुणे, आणि कोरड्या टाक्या.)

वेनेरा: पाइप काढा.

फिलिप्पा: काय?

वेनेरा: घरात जे असतील ते. बागेचे, गाड्या धुवायचे. माझी मोटर चालते. गल्लीतल्या सगळ्या टाक्या भरून देते आज.

जेझुआल्दो (आतून): आधी आपली भर की.

वेनेरा: गल्लीसमोर बोलले.

जेझुआल्दो: म्हणून तर म्हणतोय.

बाल्दास्सारे: माझ्याकडे द्राक्षरस उपसायचा पाइप आहे. चांगला लांब आहे. धुतलेला नाही.

फिलिप्पा: तुझ्या घरचं पाणी तूच पी मग.

बाल्दास्सारे: तोच तर हिशेब आहे.

मोटर

खटका ओढला आणि मोटर एकदा कण्हली, दोनदा कण्हली, मग अंग झटकून सुरू झाली, आणि हौदातलं पाणी काळोखातून उचललं गेलं, भिंतीतल्या नळातून स्वयंपाकघराच्या मागून पहिल्या मजल्यावरच्या कपडे धुवायच्या बाल्कनीत आलं, तिथे जेझुआल्दोनं तारेनं आवळलेल्या जोडातून एक थेंबही न सांडता फिलिप्पाच्या हिरव्या पाइपात शिरलं, पाइप सापासारखा फुगत गल्ली ओलांडून गेला, खालून जाणारं मांजर पळालं, फिलिप्पाच्या थोरल्यानं बाल्कनीत तो खांद्यावर घेतला, धाकट्यानं छपरावर ओढला, सगळे गप्प झाले, आणि वरून धाकट्याचा आवाज आला की येतंय, येतंय, आणि टाकीच्या कोरड्या तळावर पाण्याची पहिली चूळ पडली तशी मोटर

मध्ये

थांबली.

डब्यावरचा हिरवा दिवा लाल झाला होता. बॅटरीच्या चित्रात रेघसुद्धा उरली नव्हती.

वेनेरा डब्यापुढे उभी राहिली. तळघराच्या झरोक्यातून उन्हाचा पट्टा आत पडला होता. एवढा पांढरा, की त्यात हात धरवत नव्हता. बाहेर दगड तापून फुटतील असं ऊन, आणि डबा म्हणतो ऊन नाही.

जेझुआल्दो पायऱ्यांवरून वाकला. "गल्ली विचारतेय."

"काय विचारतेय?"

"हेच, की एवढंच होतं का. बाल्दास्सारे म्हणतो, चर्चच्या दारातल्या तीर्थात बोट बुडवलं तरी याहून जास्त पाणी लागतं."

"धूळ," वेनेरा म्हणाली. "काचांवर धूळ बसली आहे. बादली दे."

"पाण्यानं पाणी आणणार तू?"

"हो."

ती हौदाच्या तोंडाशी गेली, दोरीला बादली बांधून आत सोडली आणि भरून ओढली. घराचा जिना बाहेरून होता, त्यामुळे गल्लीनं सगळं पाहिलं. आठवडाभर ज्याच्यासाठी सगळे थांबले होते त्या पाण्याची पहिली बादली वेनेरा कोणाला न देता वर नेत होती.

"कुठे नेतेस ती?" फिलिप्पानं विचारलं. आता तिच्या आवाजात गंमत नव्हती.

"काचा धुवायला."

फिलिप्पानं कडेवरच्या नातवाला दुसऱ्या कडेवर घेतलं, आणि ते बोलण्याहून वाईट होतं. वेनेराला पाठीमागे सगळ्या बाल्कन्यांची नजर जाणवत होती. शब्द तिनं दिला होता. पाइप तिनं मागवले होते. गल्लीभर ते आता मेलेल्या सापांसारखे पडले होते, आणि आज टाक्या कोरड्या राहिल्या तर लोक विजेला बोलणार नव्हते. तिला बोलणार होते. तेही हसतहसत, पुढची वीस वर्षं.

वर

गच्चीचं दार बंद होतं. बाहेरून नाही, गच्चीच्या बाजूनं कडी होती.

"वन्सं," वेनेरानं हाक मारली. "दार उघडा."

अग्रिपीना, जेझुआल्दोची थोरली बहीण, वरच्या मजल्यावर एकटी राहायची. घर वाटून झालं तेव्हा गच्ची तिच्या वाट्याला आली होती. सोलर बसवायचं ठरलं तेव्हा ती हो म्हणाली, पण एक अट घातली: ऑगस्टात गच्ची माझी. ऑगस्टात ती टोमॅटोचा स्त्रात्तू करायची. टोमॅटो शिजवायचे, गाळायचे, मीठ घालायचं, लाकडी फळ्यांवर पसरायचं, आणि उन्हात दिवसभर हातानं घोळत राहायचं, लाल रसाचा काळपट लाल गोळा होईपर्यंत. तो गोळा वर्षभर टिकतो. पण उन्हात असताना त्याला पाण्याचा एक थेंब लागला की आतून बुरशी धरतो. म्हणून त्या दिवसांत गच्चीवर पाणी न्यायचं नाही, ओल्या हातानं जायचं नाही. अग्रिपीनाच्या आईनं हेच पाळलं होतं.

"हात ओले आहेत?" आतून प्रश्न आला.

"हातात बादली आहे."

"मग दार नाही."

"वन्सं, गल्लीत पाणी आलंय आणि मोटर बंद पडली. काचांवरची धूळ पुसायची आहे. दोन मिनिटं."

"ऑगस्टात गच्ची कोणाची?"

"तुमची."

"मग?"

वेनेरानं बादली पायरीवर ठेवली. एप्रनला हात पुसले, पुन्हा पुसले, फटीतून बोटं आत घातली. "बघा. कोरडे आहेत. बादली बाहेर ठेवली. नुसतं बघू द्या मला."

आतून कुणीतरी तिची बोटं चिमटीत धरून तपासली. मग कडी निघाली.

अग्रिपीना दाराच्या मधोमध उभी राहिली. डोक्याला पांढरा रुमाल, कोपरापर्यंत हात लाल. ती बाजूला झाली नाही. पण ती बुटकी होती आणि वेनेरा उंच.

काचांवर धूळ नव्हती. काचाच दिसत नव्हत्या. सोलरच्या तिरप्या पाट्यांवर एकाशेजारी एक लाकडी फळ्या मांडल्या होत्या, खालच्या कडेला विटा लावून, घसरू नयेत म्हणून. आणि प्रत्येक फळीवर पसरलेला स्त्रात्तू, बोटांच्या रेघा उमटलेला, उन्हात चकाकत. वर मलमलीचा पातळ कपडा. एका कोपऱ्यात तेवढी निळी काच उघडी होती, हाताच्या पंजाएवढी.

वेनेरा त्या पंजाएवढ्या निळ्या काचेकडे बघत राहिली.

"पाहिलंस?" अग्रिपीना म्हणाली. "जा आता."

"वन्सं."

"गच्ची माझी."

"गच्ची तुमची. पाट्या माझ्या."

"आणि पाट्या उभ्या कशावर आहेत? ढगावर?"

"त्या ऊन पितात, वन्सं. त्यांच्यावर फळ्या ठेवल्या तर त्यांनी काय प्यायचं?"

"आणि त्यांनी ऊन प्यायलं तर माझ्या फळ्यांनी काय प्यायचं?" अग्रिपीनानं लाल हात गच्चीभर फिरवला. "बघ. इथे तुझ्या पाट्या. तिथे टाकीची सावली. तिकडे जिन्याची भिंत. चांगलं ऊन पडतं ती एकच जागा होती, आईच्या फळ्याही इथेच असायच्या, आणि तुझा वायरमन नेमका तिथेच येऊन उभा राहिला. मला कोणी विचारलं? हो की नाही ते विचारलं. कुठे, ते कोणी विचारलं नाही."

वेनेरानं पाहिलं. खरंच होतं. उरलेली गच्ची म्हणजे एक पट्टा होता, आणि त्यावर टाकीची सावली आत्ताच सरकायला लागली होती.

"मागच्या वर्षी तुम्ही त्या पट्ट्यावर केलात की. किती चांगला झाला होता."

अग्रिपीनानं मान फिरवली. रुमालाचं टोक उगाच सारखं केलं.

"मागच्या वर्षीचा," ती म्हणाली, "विकतचा होता."

खाली गल्लीत कुणीतरी वेनेराच्या नावानं हाक मारत होतं. दोघींनाही ती ऐकू आली नाही.

"माझा बुरसला. सगळा. पहाटे टाकून आले ओढ्यात. मग बसनं दोन गावं पलीकडे गेले, बाजारातून आणला आणि माझ्या बरण्यांत भरला. फिलिप्पाला दिला, बाल्दास्सारेला दिला, बेल्जियमला गेला. सगळे म्हणाले, वा अग्रिपीनामावशी, यंदा काय जमलाय. जेझुआल्दो म्हणाला, दरवर्षीपेक्षा चांगला." तिचा आवाज आता अगदी बारीक झाला होता. "यंदाही तसंच करू का मी?"

वेनेराला हसू आलं, आणि ते चुकीचं आहे हे कळायच्या आत बाहेर पडलं. अग्रिपीनानं तिच्याकडे रागानं पाहिलं. मग तिचंही तोंड थोडं वाकडं झालं.

"दरवर्षीपेक्षा चांगला म्हणाला," वेनेरा म्हणाली. "माझा नवरा."

"माझा भाऊ. त्याला चव नाही, लहानपणापासून."

"वन्सं, किती दिवस राहिलेत याचे?"

"आजचा. आजचं ऊन पूर्ण मिळालं की संध्याकाळी गोळा होतो. नाही मिळालं तर गेला. सावलीत नेशील तर गेला. ओलाव्याजवळ नेशील तर गेला."

आजचं ऊन. दोघींनाही तेच हवं होतं, तेवढंच, आणि आजच.

वेनेरा तिला वळसा घालून कठड्याकडे गेली. खाली गल्ली संपते तिथे चौकाच्या कडेला पाहुण्यांच्या गाड्या उभ्या होत्या, बेल्जियमच्या नंबरप्लेटच्या, जर्मनीच्या नंबरप्लेटच्या, ओळीनं. मोठ्या, बहुतेक काळ्या, धुतलेल्या. त्यांच्या पुढच्या झाकणांवरून हवा थरथरत वर जात होती.

"वन्सं," ती म्हणाली, "तापलेलं, थोडं उतरतं, सावली नाही, ओल नाही. असंच लागतं ना?"

अग्रिपीना तिच्याशेजारी येऊन वाकली. तिनं गाड्या पाहिल्या. एका गाडीवरून दुसऱ्या गाडीवर नजर नेत ती चौथ्या की पाचव्या गाडीवर थांबली.

"ती काळी," ती म्हणाली. "कोणाची आहे?"

जिना

संताची मूर्ती चर्चमधून उतरते तशा फळ्या उतरल्या. एकेक फळी, पुढे एक, मागे एक, सपाट, हलवायची नाही. अग्रिपीना पुढे चालत होती, आणि तिच्यासमोर जो येईल त्याचे हात आधी तपासत होती.

"कोरडे?"

"कोरडे, मावशी."

"दाखव. उलटे कर. जा, पकड."

बाल्दास्सारे बाल्कनीतून खुर्ची न सोडता वाट दाखवत होता. "डावीकडे. डावीकडे म्हटलं, ती उजवी. तुम्हाला बेल्जियमनं बिघडवलं."

काळी गाडी फिलिप्पाच्या थोरल्याची होती. नवी होती, त्यानं गावात ती दाखवायला म्हणूनच इतकं लांब चालवत आणली होती. त्यानं दोन्ही हात गाडीवर पसरले.

"आई, हिच्यावर नाही. रंग जाईल."

"मीठ आणि टोमॅटो आहे, तेजाब नाही," फिलिप्पा म्हणाली. "तळाला चादर टाका. आणि बाजूला हो."

"माझी गाडी आहे."

"गाडी तुझी. पाणी माझं. संध्याकाळी तुझ्या पोरांना कशानं अंघोळ घालतोस, पेट्रोलनं?"

थोरला बाजूला झाला. झाकणावर चादर पडली, चादरीवर फळी, फळीवर मलमल. मग दुसरी गाडी, तिसरी. वेनेरानं गल्लीत उभं राहून नियम सांगितला: ज्या घराची टाकी भरायची, त्या घरानं एक फळी सांभाळायची. ऊन सरकेल तशी फिरवायची, माश्या हाकायच्या, आणि वन्सं सांगतील तसं घोळायचं. ज्यांचे हात पाइपाला लागतील, त्यांनी फळीला शिवायचं नाही. पाण्याची माणसं वेगळी, उन्हाची माणसं वेगळी.

"आणि कोण तपासणार?" जेझुआल्दोनं विचारलं.

अग्रिपीना चौकात एका स्टुलावर उभी होती. प्रश्नाला उत्तराची गरज नव्हती.

वर पाट्या मोकळ्या झाल्या. काचांवर बोटांचे लाल ठसे होते, मिठाचे पांढरे चरे होते. पण निळ्या होत्या. वेनेरानं एप्रननं त्या कोरड्याच पुसल्या. पायरीवरची बादली तिनं उचलली, खाली नेली आणि फिलिप्पाच्या दारात ठेवली.

मग ती तळघरात धावली. दिवा अजून लाल होता. ती बघत राहिली. लाल. लाल. तिनं डब्यावर हात ठेवला, तापलेल्या पोराच्या कपाळावर ठेवावा तसा. लाल.

मग हिरवा.

मोटर

फिलिप्पाचा धाकटा छपरावरून ओरडला की आलं, पुन्हा आलं, आणि या वेळी चूळ नव्हती, धार होती, मग धारेला जोर आला, टाकी आतून ढोल वाजवावा तशी वाजायला लागली, हळूहळू आवाज जाड होत गेला, आणि ती भरली की हिरव्या पाइपाला पिवळा जोडला गेला, पिवळ्याला गाड्या धुवायचा, तो पुढच्या घराच्या छपरावर, तिथून पुढच्या, बाल्कनीतून बाल्कनीत, खिडकीतून आत, स्वयंपाकघरातून, कुणाच्या तरी जेवणाच्या टेबलावरून, मागच्या खिडकीतून बाहेर, प्रत्येक जोडाशी एक माणूस ओला होऊन दोन्ही हातांनी आवळून उभा, आणि गल्लीच्या तोंडाशी प्रत्येक गाडीपाशी एक माणूस कोरडा, लाल हातांचा, आणि दोघं एकमेकांना विचारतायत, भरली का, झाला का, आणि खाली तळघरात वेनेरा, जिला काहीच दिसत नाही, फक्त मोटर ऐकू येते आणि पिवळी रेघ दिसते, जी कमी होण्याऐवजी वाढतेय, मोटर चालू असताना वाढतेय, आणि ती एकटीच काळोखात हसतेय.

शेवटची टाकी

बाल्दास्सारेची. चढाच्या टोकाला, म्हणजे सगळ्या पाइपांच्या शेवटी. त्याचा द्राक्षरसाचा पाइप जोडला तेव्हा ऊन तिरपं झालं होतं. पाणी त्याच्यातून एवढं बारीक येत होतं की तो म्हणाला, "हे पाणी आहे की आठवण?"

आणि तेव्हा फिलिप्पाला आठवलं. "घंटा कधी होते?"

पालिकेचा माणूस पाणी बंद करतो ते चर्चच्या संध्याकाळच्या घंटेला. घड्याळ तो बघत नाही. गावाच्या वरच्या टोकाला व्हॉल्व्हपाशी अंजिराखाली झोपलेला असतो, घंटा झाली की उठतो. गल्लीनं वर पाहिलं. चर्चच्या भिंतीवरचं ऊन घंटेच्या वेळेचं झालं होतं. झालं होतं काय, उलटून गेलं होतं.

"झाली असेल," जेझुआल्दो म्हणाला. "आपल्याला या गोंधळात ऐकू आली नाही."

वेनेरा तळघरातून वर आली. हौद अजून गुळगुळत होता. ती तेच सांगायला आली होती. सगळे एकमेकांकडे पाहायला लागले.

"घंटा वाजवतं कोण हल्ली?" बाल्दास्सारेनं हळूच विचारलं.

घंटा वाजवणारा म्हातारा जाऊन वर्षं झाली होती. पाद्रीबाबांनी वर्गणी काढून यंत्र बसवलं होतं. विजेचं.

"अरे देवा," फिलिप्पा म्हणाली, आणि लगेच तोंडावर हात ठेवला. मग अख्खी गल्ली कुजबुजत बोलायला लागली, जणू अंजिराखालच्या माणसाची झोप तिच्या दारात पसरली होती. पोरांना दटावलं गेलं. कुणीतरी कुत्र्याला आत नेलं. मोटर तेवढी चालू होती, तळघरात, उशीखाली ठेवल्यासारखी.

पाणी बारीक धारेनं चढत राहिलं. बाल्दास्सारे टाकीवर हात ठेवून बसला होता, हात वर वर सरकवत. जिथवर गार लागे तिथवर पाणी. हात अर्ध्यावर आला. अर्ध्याच्या वर आला. चौकात अग्रिपीनानं शेवटच्या फळीवरचा स्त्रात्तू तळव्यानं गोळा करायला घेतला. तो आता रस राहिला नव्हता. ओल्या मातीसारखा हाताला धरून यायला लागला होता. तिनं थोडा चिमटीत घेतला, दाबला, उन्हाकडे धरला. मग ती स्टुलावरून खाली उतरली.

बाल्दास्सारेचा हात टाकीच्या कडेला पोचला, आणि त्याच्या बोटांवरून पाणी ओघळलं. त्यानं बोटं चाटली.

"गेल्या वर्षीची द्राक्षं," तो म्हणाला. "बरी होती."

वेनेरानं खाली जाऊन खटका ओढला. मोटर थांबली. ती परत दारात आली तेव्हा समोरच्या घरात टीव्ही अचानक बोलायला लागला, बारमधलं यंत्र खडखडलं, जेझुआल्दोच्या खाटेवरचा पंखा फिरायला लागला, आणि मग वर चर्चची घंटा वाजली, भलत्याच वेळी, मोठ्यानं. अंजिराखाली कुणीतरी दचकून उठलं असणार. थोड्या वेळानं हौद गप्प झाला.

गल्लीत आता कोणाला वीज आल्याचं कौतुक नव्हतं. लोक पाइप गुंडाळत होते आणि कोणाचा कुठला यावर भांडत होते. फिलिप्पाचा थोरला गाडीच्या झाकणावर वाकून रंग तपासत होता.

अग्रिपीना गल्लीतून चढून आली. एका हातात पावाचा तुकडा, त्यावर काळपट लाल थर, वर तेलाचा थेंब. वेनेरानं हात पुढे केला.

"हात लांब," अग्रिपीना म्हणाली. "ओले आहेत."

वेनेरानं हात पाठीमागे घेतले. अग्रिपीनानं पावाचा तुकडा तिच्या तोंडात घातला आणि ती चावेपर्यंत तोंडाकडे बघत राहिली.

"बोल."

वेनेराच्या डोळ्यांत पाणी आलं, इतका खारट होता, इतका गोड. "विकतचा आहे का हो, वन्सं?"

अग्रिपीनानं तिच्या एप्रनला आपली लाल बोटं पुसली, सावकाश, एकेक.

"उद्या वर ये," ती म्हणाली. "कुठलं ऊन कधी कुठे पडतं ते दाखवते तुला. तुझ्या त्या वायरमनलाही आण. कोरडा आण."